मर्यादा वाढवून कनेक्शनं पुरत नाहीत

डेटाबेसची कनेक्शनं संपली की मर्यादा वाढवायची, हा सल्ला आपल्याकडे इतक्या सवयीने दिला जातो की तो सल्ला आहे हेही कुणाच्या ध्यानात राहत नाही. लॉगमध्ये पोस्टग्रेसचा ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ हा निरोप दिसतो, किंवा मायएसक्यूएल १०४० नंबरचा एरर देतं. कुणी अनुभवी माणूस सांगतो, पोस्टग्रेसमध्ये मूळ मर्यादा १०० ची असते, मायएसक्यूएलमध्ये १५१ ची; ती ५०० करून टाका. आकडा बदलतो, सर्व्हर रीस्टार्ट होतो, एरर थांबतो आणि टीम पुढच्या कामाला लागते. या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. तो अपुरा आहे एवढंच माझं म्हणणं नाही. बहुतेक वेळा तो दुखणं वाढवतो, आणि तेही नेमकं गर्दीच्या दिवशी.

आधी समोरच्या बाजूचं म्हणणं नीट मांडतो, कारण ते अगदीच बिनबुडाचं नाही. वेब ॲप्लिकेशनवर एकाच वेळी येणाऱ्या रिक्वेस्ट वाढल्या. प्रत्येक रिक्वेस्टला डेटाबेसशी बोलावं लागतं. बोलायला कनेक्शन लागतं. तेव्हा रिक्वेस्ट वाढल्या तर कनेक्शनंही त्याच प्रमाणात वाढायला हवीत. शिवाय रॅम स्वस्त आणि प्रोग्रामरचा वेळ महाग, म्हणून कोड उकरत बसण्यापेक्षा एक आकडा बदललेला बरा. यातली पहिली तीन वाक्यं खरी आहेत. चौथं त्यांच्यातून निघत नाही, आणि सगळी गफलत तिथेच आहे.

कनेक्शनच्या पलीकडच्या टोकाला काय असतं ते पाहा. पोस्टग्रेसमध्ये दर कनेक्शनमागे ऑपरेटिंग सिस्टिमची एक स्वतंत्र प्रोसेस उभी राहते. मायएसक्यूएलमध्ये सर्वसाधारणपणे एक थ्रेड. शिवाय टीसीपीची सुरुवातीची देवघेव होते, टीएलएस असेल तर तिच्या फेऱ्या होतात, मग पासवर्डची पडताळणी. २०२१ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस १४ पासून पासवर्डसाठी स्क्रॅम-एसएचए-२५६ ही पद्धत मुळातच लागू असते आणि तिच्यात पासवर्डवर साधारणपणे ४०९६ वेळा हॅशिंग होतं. पासवर्ड हुडकून काढू पाहणाऱ्याला ते काम जड जावं म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलंय. म्हणजे नवं कनेक्शन उघडणं महाग आहे, आणि म्हणूनच पूल आला: मोजकी कनेक्शनं उघडून ठेवायची, रिक्वेस्टने त्यातलं एक घ्यायचं, काम झालं की परत करायचं. इथपर्यंत आमचं भांडण नाही.

भांडण पुढे आहे. उघडी कनेक्शनं कितीही असली तरी काम त्याच एका मशीनवर होतं. आठ कोअरच्या मशीनवर कुठल्याही एका क्षणी आठ-सोळा प्रोसेसच खऱ्या अर्थाने चालू असतात. बाकीच्या डिस्कची, एखाद्या लॉकची किंवा कोअर मोकळा होण्याची वाट पाहत उभ्या असतात. पाचशे कनेक्शनं एकदम कामाला लागली की ऑपरेटिंग सिस्टिम सगळ्यांना थोडा थोडा वेळ वाटत फिरते, एकाचा डेटा प्रोसेसरच्या कॅशमधून हुसकून दुसऱ्याचा आणते, आणि त्याच त्या लॉकवरच्या रांगा लांबतात. वर मेमरी आहेच: पोस्टग्रेस दर सॉर्टसाठी मुळात ४ एमबीपर्यंत जागा घेऊ शकतं, आणि एका क्वेरीत असे अनेक सॉर्ट असू शकतात. चार शेगड्यांच्या खानावळीत चाळीस आचारी उभे केले म्हणून भाकऱ्या दसपट होत नाहीत. आचारी एकमेकांच्या पायांत येतात आणि पहिली भाकरीसुद्धा उशिरा उतरते.

याचं एक प्रात्यक्षिक जावा प्रोग्रामरांच्या जगात चांगलंच परिचित आहे. ओरॅकलच्या रिअल-वर्ल्ड परफॉर्मन्स गटाने ते करून दाखवलं आणि हिकारीसीपी या पूलच्या कर्त्यांनी पूलच्या आकाराबद्दल लिहिताना त्याचा दाखला दिला. भार तोच, डेटाबेस तोच, क्वेरी त्याच. फक्त पूल लहान केला. प्रतिसादाचा वेळ सुमारे १०० मिलीसेकंदांवरून सुमारे २ मिलीसेकंदांवर आला. त्याच लिखाणात पोस्टग्रेसच्या मंडळींचा ठोकताळाही दिलेला आहे: कोअरच्या दुप्पट, अधिक प्रत्यक्ष फिरणाऱ्या डिस्कची संख्या. आठ कोअर आणि एक डिस्क धरली तर सतरा. पाचशेच्या बैठकीत सतरा हा आकडा उच्चारला की लोक अविश्वासाने पाहतात. तो काही अंतिम शब्द नव्हे, मोजायला सुरुवात करण्याची जागा आहे. पण कुठल्या दिशेने जायचं ते तो स्वच्छ सांगतो.

यावर पहिलं उत्तर येतं की हा हिशेब फिरत्या डिस्कच्या जमान्यातला, आता एसएसडी आहेत. एसएसडीमुळे गणित उलट दिशेला जातं. डिस्क जितकी वेगवान तितकी प्रोसेस तिच्यासाठी कमी थांबते, कोअरवर जास्त वेळ राहते, आणि त्या कोअरवर दुसऱ्याला शिरायला कमी जागा उरते. वेगवान डिस्कवर कनेक्शनं कमी पुरतात. दुसरं उत्तर जास्त जाणतं असतं: पोस्टग्रेस १४ मध्ये स्नॅपशॉट घेण्याची पद्धत सुधारली आणि हजारो कनेक्शनांचा भार हलका झाला. हे खरं आहे आणि ते काम उत्तम आहे. पण त्याचा मोठा फायदा झाला तो रिकाम्या बसलेल्या कनेक्शनांच्या बाबतीत. ती आता इतरांना पूर्वीइतकी नडत नाहीत. काम करणाऱ्या कनेक्शनांमध्ये वाटून घ्यायचे कोअर आहेत तेवढेच राहिले.

आता मूळ मुद्दा. कनेक्शनं किती लागतात हे केवळ रिक्वेस्टच्या संख्येवर ठरत नाही. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगांचा नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो: आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा वेळ. सेकंदाला २०० रिक्वेस्ट येतात आणि प्रत्येक रिक्वेस्ट कनेक्शन २० मिलीसेकंद हातात ठेवते, तर सरासरी ४ कनेक्शनं गुंतलेली असतात. त्याच २०० रिक्वेस्टनी कनेक्शन २ सेकंद धरून ठेवलं तर ४००. रिक्वेस्ट वाढलेल्या नाहीत, डेटाबेसचं कामही वाढलेलं नाही. मर्यादा ५०० करणाऱ्याने या गुणाकारातल्या दुसऱ्या संख्येकडे पाहिलेलंच नसतं, आणि आपल्या हातात असते ती दुसरीच.

दोन सेकंद कनेक्शन धरतं कोण, असं विचारलं जातं. उदाहरण घेऊ. प्रवेश अर्ज भरून घेणारं एक ॲप्लिकेशन आहे. विद्यार्थी ‘फी भरा’ हे बटण दाबतो. कोड ट्रॅन्झॅक्शन सुरू करतो, अर्जाची स्थिती बदलतो, पावतीचा पुढचा क्रमांक घेतो, पेमेंट गेटवेच्या सर्व्हरला ऑर्डर तयार करायला सांगतो, एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीला निरोप देतो, आणि मग कमिट करतो. पावतीचे क्रमांक सलग हवेत, मध्ये खाडा पडला तर ऑडिटवाले विचारतात. सीक्वेन्स वापरला तर रोलबॅकनंतर खाडा पडतोच. म्हणून एका छोट्या टेबलात एकच ओळ ठेवलेली असते आणि दर वेळी तिच्यात एक मिळवला जातो. ही रचना अनेक ठिकाणी आहे आणि तिच्यामागचं कारणही रास्त आहे. अडचण अशी की त्या एका ओळीवर बसलेलं लॉक कमिट होईपर्यंत सुटत नाही, आणि कमिटच्या आधी दोन परक्या सर्व्हरना हाक मारलेली आहे. एरवी ते ८० मिलीसेकंदांत उत्तर देतात. शेवटच्या तारखेला, त्यांच्यावरही गर्दी असताना, दोघांचा मिळून वेळ दोन सेकंदांवर जातो.

आता मोजा. एका वेळी एकच ट्रॅन्झॅक्शन ती ओळ धरू शकतं, दोन सेकंद धरतं, म्हणजे मिनिटाला तीस पावत्या. कनेक्शनं शंभर असोत की पाचशे, तीसच. शंभर असताना एक जण काम करत होता आणि नव्व्याण्णव ताटकळत होते. पाचशे केल्यावर चारशे नव्व्याण्णव ताटकळतात. इतकंच नाही. ताटकळणाऱ्यांच्या हातातही कनेक्शन आहे, म्हणून ज्यांचा पावतीशी काही संबंध नाही अशा रिक्वेस्टनाही कनेक्शन मिळत नाही. लॉगिन अडतं, कॉलेजांची यादी उघडत नाही, अर्ज नुसता वाचायचा तरी पान पांढरं. बाहेरून दिसतं की सगळी साइटच बसली. मर्यादा वाढवल्याने एवढंच होतं की पांढरं पान दहा मिनिटं उशिरा येतं आणि तोवर डेटाबेसवर आणखी चारशे प्रोसेस चढलेल्या असतात.

तालुक्याच्या गावात सेवा केंद्रावर रांग लावून बसलेल्या मुलीला यातलं काही दिसत नाही. तिला फिरणारं चक्र दिसतं. ती पान रिफ्रेश करते, आणि तिची आधीची रिक्वेस्ट डेटाबेसवर अजून जिवंत असताना दुसरी येऊन रांगेला लागते. मला या विषयाचा राग येतो तो इथे. दोष कोडमध्ये एका जागी आहे, तो अर्ध्या दिवसात सुधारता येतो, आणि आपण त्याला ‘लोड जास्त होता’ असं नाव देऊन मोकळे होतो.

सुधारणा काय, तर परक्या सर्व्हरला हाक मारताना हातात कनेक्शन असता कामा नये. पहिलं छोटं ट्रॅन्झॅक्शन: अर्जाची स्थिती ‘पैसे यायचेत’ अशी करा, या प्रयत्नाचा एक अनन्य क्रमांक नोंदवा, कमिट करा, कनेक्शन पूलला परत द्या. मग तो क्रमांक देऊन गेटवेला हाक मारा; चुकून दोनदा हाक गेली तरी त्या क्रमांकावरून दुसरी ओळखू येते. पैसे आल्याचं कळलं की दुसरं छोटं ट्रॅन्झॅक्शन: निकाल नोंदवा, पावतीचा क्रमांक अगदी शेवटी घ्या, लगेच कमिट करा. ती एक ओळ आता दोन सेकंदांऐवजी काही मिलीसेकंद अडकते. एसएमएस तर रिक्वेस्टमध्ये पाठवायचंच कारण नाही; त्याची नोंद त्याच ट्रॅन्झॅक्शनमध्ये एका टेबलात टाका, वेगळी प्रोसेस ती उचलून पाठवेल.

इथे समोरच्या बाजूचा सर्वांत वजनदार आक्षेप येतो. तुम्ही एक ट्रॅन्झॅक्शन मोडून दोन केलीत; ‘सगळं झालं किंवा काहीच नाही’ ही हमी गेली. पैसे कापले गेले आणि आपल्याकडे नोंद झाली नाही तर? मी या आक्षेपाचा आदर करतो, कारण तो कनेक्शन वाचवण्याच्या नादात डेटा बिघडू नये या काळजीतून येतो. पण ती हमी तिथे कधी नव्हतीच. डेटाबेसचा रोलबॅक डेटाबेसच्या आतल्या गोष्टी मागे घेतो. गेटवेकडे तयार झालेली ऑर्डर तो मागे घेऊ शकत नाही, गेलेला एसएमएस परत आणू शकत नाही. उलट मोठ्या ट्रॅन्झॅक्शनमध्ये गेटवेने होकार दिल्यावर कमिटच फसलं, तर रोलबॅक आपल्या बाजूचा सगळा पुरावा पुसून टाकतो: पैसे तिकडे, आणि इकडे प्रयत्न झाल्याची खूणही नाही. दोन तुकड्यांच्या रचनेत ‘पैसे यायचेत’ ही नोंद आधीच पक्की झालेली असते आणि रात्री ताळा जुळवणारा प्रोग्राम तिच्यावरून गेटवेला विचारू शकतो. हमीच्या नावाखाली लॉक धरून बसणाऱ्याने हमीही मिळवलेली नसते.

मग सांगतात, हे सगळं फ्रेमवर्क बघतं. फ्रेमवर्क काय बघतं ते वाचून घ्यावं. स्प्रिंग बूटमध्ये ‘ओपन इन व्ह्यू’ ही सोय मुळात चालू असते. तिच्यामुळे पान तयार होऊन बाहेर पडेपर्यंत सेशन उघडं राहतं, आणि एकदा क्वेरी झाली की बहुतेक मांडणींत कनेक्शनही त्याच्यासोबत अडकून राहतं. २.० पासून स्प्रिंग बूट सुरू होताना तशी सूचनाही देतं. ती आपण रोज बघून पुढे जातो. जँगोमध्ये ‘ॲटॉमिक रिक्वेस्ट्स’ चालू केलं की अख्खी रिक्वेस्ट एका ट्रॅन्झॅक्शनमध्ये गुंडाळली जाते, मध्ये कुणाला दोन सेकंदांची हाक मारलेली असली तरी. या सोयींना मी नावं ठेवत नाही. लहान ॲप्लिकेशनसाठी त्या सुखाच्या आहेत. पण कनेक्शन केव्हा घेतलं आणि केव्हा सोडलं याचं उत्तर ‘फ्रेमवर्कला माहीत’ असं देणाऱ्याने मर्यादेचा आकडा ठरवण्याचा अधिकार गमावलेला आहे.

‘आमच्याकडे पूल आहे’ हेही पुरेसं उत्तर नाही, कारण पूल प्रत्येक प्रोसेसचा वेगळा असतो. एसक्यूएलअल्केमीचा पूल मुळात ५ कनेक्शनांचा, आणि गरज पडली तर वर १० उघडायची मुभा. चार वर्कर चालवणारे आठ कंटेनर असतील तर चार गुणिले आठ गुणिले पंधरा, म्हणजे ४८०. प्रत्येक टीमला वाटतं आपला पूल पाच-पंधराचा, किती साधा! त्यात ऑटोस्केलिंग लावलेलं असतं. डेटाबेस मंदावतो, रिक्वेस्ट साचतात, साचलेल्या रिक्वेस्ट पाहून क्लाउड नवे कंटेनर उभे करतो, ते आपापले पूल घेऊन त्याच मंदावलेल्या डेटाबेसवर तुटून पडतात. लॅम्डासारख्या सर्व्हरलेस पद्धतीत हे टोकाला जातं, कारण एकाच वेळी चालणारी प्रत्येक प्रत आपलं कनेक्शन उघडू पाहते. ॲमेझॉनने २०२० मध्ये आरडीएस प्रॉक्सी सर्वांसाठी खुली केली ती याच दुखण्यावर.

प्रॉक्सीचं नाव निघालं की चर्चा संपली असं मानलं जातं: मध्ये पीजीबाउन्सर बसवा आणि विसरा. स्काइपमध्ये जन्मलेलं हे साधन मला मनापासून आवडतं. त्याच्या ट्रॅन्झॅक्शन मोडमध्ये हजारो क्लायंट डेटाबेसच्या वीस कनेक्शनांवर सुखाने नांदू शकतात. कधी? ट्रॅन्झॅक्शनं छोटी असतील तर. वर सांगितलेली दोन सेकंदांची ट्रॅन्झॅक्शनं आणून घातली तर ती वीसही तशीच अडकतात, फक्त रांग डेटाबेसच्या दारातून प्रॉक्सीच्या दारात जाते. आणि विसरता तर मुळीच येत नाही: सेशनवर लावलेलं ‘सेट’, सेशनपुरती ॲडव्हायझरी लॉक, ‘लिसन’, या गोष्टी त्या मोडमध्ये भरवशाच्या राहत नाहीत, आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट नीट चालायला २०२३ मधली १.२१ ही आवृत्ती यावी लागली.

आकडा वाढवणं रास्त ठरेल अशा जागाही आहेत. एका रिक्वेस्टला एकाच वेळी दोन कनेक्शनं लागत असतील, म्हणजे चालू ट्रॅन्झॅक्शनच्या पोटात लॉगसाठी दुसरं स्वतंत्र ट्रॅन्झॅक्शन उघडत असेल, तर दहा थ्रेड आणि दहाचा पूल ही मांडणी स्वतःच्याच पायात पाय घालून थांबू शकते: दहाही जण एकेक धरून दुसऱ्याची वाट पाहतात. तिथे किमान अकरा हवीत, हा हिशेब पक्का आहे. आणि दिवसाला शे-दोनशे नोंदी होणाऱ्या ग्रंथालयाच्या ॲप्लिकेशनने दर रिक्वेस्टला नवं कनेक्शन उघडलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. जँगो अजूनही मुळात तसंच वागतं.

मोठ्या गर्दीच्या ॲप्लिकेशनला मात्र पूल लहान ठेवून थांबण्याला कालमर्यादा घालावी लागते. हिकारीसीपी मोकळ्या कनेक्शनसाठी मुळात ३० सेकंद थांबतं. तीस सेकंद पानाकडे बघत कुणी बसत नाही. दोन-तीन सेकंदांत स्पष्ट सांगावं की आत्ता गर्दी आहे, तुमचा अर्ज जतन आहे, थोड्या वेळाने या. क्वेरीवरची कालमर्यादा पोस्टग्रेसमध्ये मुळात शून्य असते, म्हणजे मर्यादाच नाही. ॲप्लिकेशनच्या खात्यापुरती ती घालावी. ट्रॅन्झॅक्शन उघडं टाकून रिकामं बसलेलं सेशन तोडण्याची सोय २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून आहे, आणि तीही बंद अवस्थेतच येते. ती चालू करण्याला एक जादा कारण आहे: असं एखादं सेशन जुना स्नॅपशॉट धरून बसलं, तर मेलेल्या ओळी व्हॅक्युमला काढता येत नाहीत, टेबल फुगत जातं, आणि प्रत्येकाची क्वेरी मंदावून कनेक्शन हातात राहण्याचा वेळ पुन्हा वाढतो.

तेव्हा पुढच्या वेळी बैठकीत ५०० चा प्रस्ताव आला, तर तो मांडणाऱ्याने आधी एरर चालू असतानाचं ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’ समोर ठेवावं. त्यात प्रत्येक कनेक्शनची अवस्था असते, ट्रॅन्झॅक्शन कधी सुरू झालं ती वेळ असते, आणि ते कशाची वाट पाहतंय तेही असतं. शंभरपैकी किती जण खरोखर क्वेरी चालवत होते, किती लॉकसाठी उभे होते, आणि किती ‘आयडल इन ट्रॅन्झॅक्शन’ होते, हे तीन आकडे त्याने सांगावेत. सगळेच्या सगळे छोट्या क्वेरी चालवत असतील आणि कोअर तरीही मोकळे असतील, तर मर्यादा वाढवायला माझी हरकत नाही. नाहीतर त्या यादीतलं सर्वांत जुनं ट्रॅन्झॅक्शन कोडमधल्या कुठल्या फंक्शनमधून सुरू झालं ते शोधायला घ्यावं, आणि ते सापडेपर्यंत १०० चा आकडा तसाच राहू द्यावा.